सूर्यानुवर्ती यंत्रणा, पर्वतीय प्रदेशांतील

सूर्याचे आकाशातील स्थान जसजसे बदलते, तसतसा आरसा, सौर घटांचा फलक किंवा उष्णता गोळा करणारा अन्य संग्राहक फिरवून तो सतत योग्य दिशेस ठेवणाऱ्या व्यवस्थेस सूर्यानुवर्ती यंत्रणा म्हणतात. पर्वतीय प्रदेशांत हवा विरळ व स्वच्छ असल्याने तेथे सूर्याकडून थेट येणारे प्रारण तीव्र असते आणि अशा यंत्रणेचा लाभ याच थेट प्रारणापासून मिळतो. त्यामुळे सौर ऊर्जेच्या इतिहासातील काही महत्त्वाचे प्रयोग पर्वतांवर झाले. मात्र वारा, बर्फ आणि उंच कड्यांच्या सावल्या या अडचणीही पर्वतावरच अधिक असतात. या लाभहानीचा हिशेब गेल्या शतकात अनेकदा नव्याने मांडावा लागला आणि प्रत्येक वेळी त्याचे उत्तर सारखे आले नाही.

तत्त्व : पृथ्वीच्या परिवलनामुळे सूर्य आकाशात दर तासाला १५° सरकल्यासारखा दिसतो. पृथ्वीच्या आसाच्या कलामुळे त्याची क्रांती वर्षभरात खगोलीय विषुववृत्ताच्या उत्तरेस व दक्षिणेस सु. २३.५° पर्यंत बदलते. एखाद्या स्थिर फलकावर सूर्यकिरण लंबरूप पडत असतील, तेव्हा त्याला पूर्ण प्रारण मिळते. किरण लंबाशी ६०° चा कोन करू लागले की, थेट प्रारणाचा निम्माच भाग त्याच्या वाट्याला येतो. दक्षिणाभिमुख स्थिर फलकाची सकाळी व सायंकाळी अशी स्थिती होते. फलक एका अक्षाभोवती फिरता ठेवल्यास तो सूर्याची पूर्व-पश्चिम गती अनुसरतो. दोन अक्षांभोवती फिरता ठेवल्यास दिगंश व उन्नतांश या दोन्हींतील बदल अनुसरता येतात. निरभ्र प्रदेशात स्थिर फलकाच्या तुलनेने एकाक्षीय यंत्रणेने वार्षिक उत्पादन सामान्यतः १५ ते २५ टक्के आणि द्व्यक्षीय यंत्रणेने २५ ते ४० टक्के वाढते. आकाश ढगाळ असले की, प्रारण सर्व दिशांनी विखरून येते आणि फलक फिरविण्याचा फारसा उपयोग होत नाही.

आरशांच्या साहाय्याने एका ठिकाणी प्रकाश एकवटणाऱ्या संयंत्रात सूर्यानुवर्तन ही सोय नसून अनिवार्य गरज असते, कारण विखुरलेले प्रारण आरशांनी एकत्र आणता येत नाही. ज्या आरशाचा परावर्तित झोत सूर्य सरकत असतानाही एकाच स्थिर बिंदूवर पडत राहतो, त्याला हीलिओस्टॅट म्हणतात. त्याच्या पृष्ठाचा लंब नेहमी सूर्य व लक्ष्य यांच्या दिशांमधील कोन दुभागतो. म्हणून आरसा जेवढा ढळेल त्याच्या दुप्पट कोनातून झोत ढळतो. आरसा एका अंशाच्या विसाव्या भागाने चुकला, तरी १०० मी. अंतरावर झोत सु. १७ सेंमी. सरकतो. पर्वतावरील वाऱ्यात एवढी अचूकता टिकविणे ही या विषयातील मूळ अभियांत्रिकी समस्या होय.

प्रारंभीचे प्रयोग : उंच जागी सूर्यप्रकाश कमी तापदायक असतो की अधिक, हा प्रश्न अठराव्या शतकातील शास्त्रज्ञांना पडला होता. पर्वतशिखरे थंड असतात, त्या अर्थी तेथील ऊन दुर्बल असावे, असा समज होता. जिनीव्हा येथील निसर्गवैज्ञानिक व गिर्यारोहक होरेस-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी १७६७ पासून काचेच्या झाकणांच्या, उष्णतारोधक पेट्या तयार करून त्यांतील तापमान मोजले. पुढे अशी पेटी आल्प्समधील क्रामाँ शिखरावर नेली असता, बाहेरील हवा खालच्यापेक्षा बरीच थंड असूनही आतील तापमान जवळजवळ पायथ्याइतकेच चढले. शिखरावरील थंडीचे कारण उन्हाचे दुर्बलत्व नसून हवेचा विरळपणा व पारदर्शकपणा हे आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

सॅम्युएल लँग्ली या अमेरिकन ज्योतिर्विदांनी १८८१ मध्ये कॅलिफोर्नियातील सु. ४,४२० मी. उंचीच्या व्हिटनी पर्वतावर मोहीम नेऊन सौर प्रारणाची मापने घेतली. काचेने झाकलेल्या साध्या तांब्याच्या पात्रात, सभोवार बर्फ असतानाही, पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा अधिक तापमान मिळाल्याचे त्यांना आढळले. या मोहिमेवरून त्यांनी काढलेला सौरांक फार मोठा होता व नंतर तो सुधारावा लागला. वातावरणाबाहेर दर चौ. मी. स सु. १,३६१ वॉट हे त्याचे आज मान्य असलेले मूल्य आहे. तथापि वातावरणाचा जाड थर ओलांडताना प्रारणाचा मोठा भाग नाहीसा होतो आणि उंचीबरोबर ही हानी घटते, हे लँग्ली यांच्या मापनांनी प्रस्थापित झाले.

दरम्यान आरसे फिरविण्याच्या युक्तीचा स्वतंत्रपणे विकास होत होता. डच भौतिकीविज्ञ व्हिलेम स् ग्राव्हेसांडे यांनी घड्याळाच्या यंत्रणेने फिरणाऱ्या हीलिओस्टॅटचे वर्णन १७४२ मध्ये प्रसिद्ध केले. अंधाऱ्या प्रयोगशाळेत प्रकाशाचा स्थिर झोत आणणे एवढाच त्याचा हेतू होता. शक्तिनिर्मितीसाठी अनेक आरसे एकाच बाष्पित्रावर रोखण्याची कल्पना मुंबईत प्रत्यक्षात आली, ही गोष्ट उल्लेखनीय आहे. मुंबई उच्च न्यायालयातील अधिकारी विल्यम ॲडम्स यांनी कुलाबा येथे सपाट आरशांच्या ओळी अर्धवर्तुळाकार मार्गावर बसवून त्यांचा प्रकाश मध्यभागी असलेल्या बाष्पित्रावर पाडला आणि त्या वाफेवर पंप चालविला. सूर्य सरकेल तशी ही आरशांची चौकट माणसाने हाताने ढकलावयाची असे. या प्रयोगांवरील त्यांचा ग्रंथ १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ऑग्युस्तँ मूशो यांचे सौर एंजिन पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले गेले. मूशो यांनी एकच मोठा शंकूच्या आकाराचा परावर्तक वापरला होता. तो मोठा करण्यास मर्यादा होत्या. ॲडम्स यांची पद्धत मात्र आरशांची संख्या वाढवून हवी तेवढी विस्तारता येण्याजोगी होती. आजच्या मनोऱ्यांच्या सौर विद्युत् केंद्रांचे तत्त्व हेच होय.

पर्वत, सूर्यानुवर्तन आणि उष्णतेची साठवण या तिन्ही गोष्टी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चार्ल्स ॲबट यांनी कॅलिफोर्नियातील मौंट विल्सन येथे एकत्र आणल्या. तेथील सौर वेधशाळेत काम करीत असताना त्यांनी घड्याळाच्या यंत्रणेने फिरणारा अन्वस्तीय पन्हळीचा आरसा बसविला आणि त्याच्या उष्णतेने टाकीतील तेल तापवून त्यावर भट्टी चालविली. त्यांच्या पत्नी या भट्टीवर पाव भाजत आणि फळे टिकविण्यासाठी शिजवीत. तेलातील उष्णता टिकत असल्यामुळे सूर्यास्तानंतरही स्वयंपाक होई.

पूर्व पिरेनीजमधील कार्य : पर्वतीय सूर्यानुवर्तनाचा सर्वांत सलग इतिहास फ्रान्स व स्पेन यांच्या सीमेवरील पूर्व पिरेनीज पर्वतात घडला. सेर्दान्य या उंच पठारी खोऱ्यात वर्षातील बहुतेक दिवस आकाश निरभ्र असते आणि हवा कोरडी असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ फेलिक्स त्राँब यांनी १९४६ मध्ये पॅरिसजवळ म्यूदाँ येथे विमानविरोधी शोधदीपाचा आरसा वापरून उच्च तापमानाचे प्रयोग केले होते. यानंतर १९४९ मध्ये सु. १,६०० मी. उंचीवरील माँ-लुई येथील जुन्या किल्ल्यात त्यांनी ५० किलोवॉट शक्तीची सौर भट्टी उभारली. सूर्याला अनुसरणारा सपाट आरसा प्रकाश एका स्थिर अन्वस्तीय आरशाकडे वळवी आणि हा दुसरा आरसा तो नाभीपाशी एकवटी. फिरणारा भाग सपाट व तुलनेने साधा, तर अवघड वक्राकार भाग अचल, अशी ही विभागणी होती. ती पुढील मोठ्या भट्ट्यांतही कायम राहिली.

माँ-लुईपासून जवळच ओदेयो येथे १९६० नंतरच्या दशकात बांधलेली १,००० किलोवॉट औष्णिक शक्तीची भट्टी १९७० पासून नियमितपणे वापरात आली. डोंगराच्या उतारावर पायऱ्यांसारखे आठ मजले करून त्यांवर प्रत्येकी ४५ चौ. मी. क्षेत्राचे ६३ हीलिओस्टॅट बसविले आहेत. त्यांच्यासमोर एका बहुमजली इमारतीची संपूर्ण उत्तरेकडील भिंतच अन्वस्तीय आरशाच्या रूपात आहे. तिची नाभी १८ मी. अंतरावर आहे. उताराची नैसर्गिक रचना येथे उपयोगी पडली, कारण मागचे आरसे पुढच्यांच्या सावलीत येत नाहीत. प्रत्येक आरशास प्रकाशसंवेदी घटकांकडून सूर्याच्या दिशेची सूचना मिळे आणि द्रवचालित दट्ट्ये तो वळवीत. नाभीपाशी ३,०००° से. हून अधिक तापमान मिळत असल्याने उच्च तापसह पदार्थांचे संशोधन हे या भट्टीचे मुख्य कार्य ठरले. तथापि १९७६ मध्ये तिच्या उष्णतेवर प्रायोगिक रीत्या वीज निर्माण करून ती सार्वजनिक जालात सोडण्यात आली. याच आकाराची दुसरी भट्टी १९८७ मध्ये त्या वेळच्या सोव्हिएट संघराज्यात, उझबेकिस्तानातील पार्केंट येथे तिएनशान पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्यांवर पूर्ण झाली. तीत ६२ हीलिओस्टॅट आहेत.

तेमिस केंद्र : १९७३ मधील खनिज तेलाच्या संकटानंतर सौर विजेकडे अनेक देशांचे लक्ष वळले. ओदेयोजवळच तारगासॉन येथे सु. १,६५० मी. उंचीवर फ्रान्सने तेमिस हे प्रायोगिक विद्युत् केंद्र उभारले. ते १९८३ मध्ये सुरू झाले. सु. १०० मी. उंच मनोऱ्यावरील ग्राहकाकडे प्रत्येकी सु. ५४ चौ. मी. क्षेत्राचे २०१ हीलिओस्टॅट रोखलेले असत. त्यांचे नियंत्रण संगणकाकडे होते. सूर्याचे स्थान गणिताने काढून त्यानुसार आरसे वळविले जात, त्यामुळे ढग आला तरी ते आपली दिशा सोडत नसत. ग्राहकात पोटॅशियम नायट्रेट, सोडियम नायट्राइट व सोडियम नायट्रेट यांचे वितळलेले मिश्रण फिरविले जाई. ते सु. २५०° से. पासून ४५०° से. पर्यंत तापे आणि टाकीत साठविले जाई. या साठ्यातून वाफ तयार करून सु. २ मेगॅवॉट शक्तीचे टरबाइन चालविता येई. सूर्य ढगाआड गेल्यावरही वीज देण्याची क्षमता हे या केंद्राचे वैशिष्ट्य होते.

मात्र याच लवणाने पर्वतावर वेगळी अडचण निर्माण केली. हे मिश्रण सु. १४२° से. खाली गोठते. बाहेर हिमवृष्टी होत असताना नळ्यांतील लवण द्रवरूप ठेवण्यासाठी त्या विजेने तापवाव्या लागत आणि केंद्राने निर्माण केलेल्या विजेचा लक्षणीय भाग त्यातच खर्च होई. दरम्यान तेलाच्या किंमती उतरल्या आणि फ्रान्सच्या विद्युत् धोरणात अणुऊर्जेला अग्रक्रम मिळाला. परिणामी अवघ्या तीन वर्षांत, १९८६ मध्ये, केंद्र बंद करण्यात आले. लवणाचे व आरशांच्या नियंत्रणाचे तंत्र मूलतः चालते हे त्या काळात सिद्ध झाले होते, परंतु त्याची उणीव भरून काढण्याइतका वेळ त्याला मिळाला नाही.

केंद्र बंद झाले तरी आरसे पडून राहिले नाहीत. १९९० नंतरच्या दशकात खगोलभौतिकीविज्ञांनी ते रात्री वापरण्यास आरंभ केला. अवकाशातील गॅमा किरण वातावरणात शिरताना क्षणभर चमकणारा क्षीण निळसर प्रकाश मनोऱ्याकडे वळविण्यासाठी त्यांचा उपयोग झाला. सूर्याला अनुसरण्यासाठी घडविलेली यंत्रे अशा रीतीने ताऱ्यांच्या मागे फिरू लागली. २००० नंतरच्या दशकात हे स्थान पुन्हा सौर संशोधनासाठी घेण्यात आले. त्या वेळी काही हीलिओस्टॅटवरील आरशांच्या जागी सौर घटांचे फलक बसवून त्यांच्यापासून वीज मिळविण्यात आली. वीस वर्षांपूर्वीची सूर्यानुवर्ती चौकट तीच राहिली आणि तिने वाहून न्यावयाची वस्तू बदलली.

तेमिसमध्ये आजमावलेल्या पद्धतीचा व्यापारी उपयोग पुढे दुसऱ्या एका उंच प्रदेशात झाला. चीनच्या चिंगहाई प्रांतातील देलिंगा येथे, सु. ३,००० मी. उंचीच्या पठारावर, २०१३ मध्ये १० मेगॅवॉटचे मनोरा पद्धतीचे केंद्र सुरू झाले. २०१८ च्या अखेरीस तेथेच २७,००० हून अधिक हीलिओस्टॅट असलेले ५० मेगॅवॉटचे केंद्र जालास जोडण्यात आले. त्यात उष्णतेची साठवण वितळलेल्या लवणात होते.

दऱ्यांतील आरसे : खोल दऱ्यांत ऊन मुळातच कड्यांमुळे अडते व तेथे खालचा फलक कितीही फिरविला तरी उपयोग नसतो. अशा वेळी आरसाच उंचावर नेण्याचा उपाय योजला जातो. इटलीतील आल्प्समधील व्हिगानेला या खेड्यात नोव्हेंबरच्या मध्यापूर्वीपासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत सूर्य दिसत नाही. तेथे २००६ मध्ये समोरच्या उतारावर ४० चौ. मी. क्षेत्राचा संगणकनियंत्रित आरसा बसवून गावाच्या चौकात ऊन आणण्यात आले. नॉर्वेतील र्‍यूकान या शहरात २०१३ मध्ये असेच तीन आरसे बसविले गेले. ही कल्पना तेथे शंभर वर्षांपूर्वी मांडली गेली होती. या आरशांपासून वीज मिळत नाही. मात्र पर्वतावरील कोणत्याही सौर योजनेत प्रथम क्षितिजाची रेषा मोजावी लागते, हे त्यांवरून स्पष्ट होते. सकाळ व सायंकाळ सावलीत जाणाऱ्या जागी सूर्यानुवर्तनाचा मुख्य लाभच नाहीसा होतो, कारण तो लाभ या दोन वेळांतच अधिक असतो.

सौर घट व नवा हिशेब : सौर घट महाग होते तोवर प्रत्येक घटापासून शक्य तितकी वीज काढणे आवश्यक होते आणि त्यासाठी फिरत्या चौकटीचा खर्च परवडे. सौर घटांच्या किंमती २०१० च्या सुमारापासून झपाट्याने उतरल्यावर चौकट फिरविण्यापेक्षा आणखी काही फलक लावणे अनेक ठिकाणी स्वस्त ठरू लागले. सपाट वाळवंटी प्रदेशात मोठ्या केंद्रांनी साधी एकाक्षीय यंत्रणा टिकवून धरली, परंतु तीव्र उतारावर लांब सरळ अक्ष बसविणे कठीण जाते.

उंच पर्वतावर सौर घटांना दोन नैसर्गिक लाभ मिळतात. सिलिकॉन घटाची कार्यक्षमता तापमान १° से. ने वाढल्यास सु. ०.४ टक्क्याने घटते, त्यामुळे थंड हवा त्याला अनुकूल असते. शिवाय ताजे बर्फ आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परावर्तित करते. स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख येथील संशोधन केंद्राच्या भिंतीवर, ३,४५४ मी. उंचीवर, १९९३ मध्ये उभे बसविलेले छोटे संयंत्र दीर्घकाळ अभ्यासले गेले. उभ्या फलकावर बर्फ साचत नाही, हिवाळ्यातील खाली असलेला सूर्य त्याच्या बऱ्याच अंशी समोर येतो आणि जमिनीवरील बर्फाचा प्रकाशही त्याला मिळतो, असे तेथे दिसून आले. मुटझे धरणाच्या भिंतीवर सु. २,५०० मी. उंचीवर २०२२ मध्ये पूर्ण झालेले २.२ मेगॅवॉटचे संयंत्र याच तत्त्वावर आहे. त्यातील सु. ५,००० फलक अचल आहेत आणि त्यांच्या वार्षिक उत्पादनापैकी सु. निम्मे हिवाळ्याच्या सहामाहीत अपेक्षिलेले आहे. स्वित्झर्लंडला विजेची चणचण हिवाळ्यातच भासते. म्हणून २०२२ मधील कायद्याच्या दुरुस्तीने उंच पर्वतावरील मोठ्या संयंत्रांना साहाय्य देताना हिवाळी उत्पादनाची किमान अट घातली. वर्षाचे एकूण उत्पादन वाढविणे आणि गरजेच्या वेळी वीज मिळविणे ही दोन भिन्न उद्दिष्टे आहेत, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. सूर्यानुवर्तनाने पहिले साधते. दुसरे काही वेळा योग्य कलाने बसविलेला अचल फलकही साधतो.

फिरती चौकट पर्वतावरून सर्वस्वी हद्दपार झालेली नाही. स्वित्झर्लंडमधील टेना येथे २०११ मध्ये सुरू झालेल्या बर्फावरील घसरखेळाच्या रज्जुयानावर दोरांना टांगलेले सौर फलक आहेत. ते सूर्याला अनुसरतात आणि हिमवृष्टीनंतर तिरपे होऊन साचलेले बर्फ झटकून टाकतात. येथे फिरण्याच्या क्षमतेचा बर्फ काढण्यासाठी झालेला उपयोगही तितकाच मोलाचा आहे. त्याचप्रमाणे जोरदार वाऱ्यात चौकट आडवी करून वाऱ्याचा दाब कमी करता येतो. फलकांच्या दोन्ही बाजूंनी प्रकाश ग्रहण करणारे घट प्रचारात आल्यापासून बर्फाचा परावर्तित प्रकाशही फिरत्या फलकांच्या वाट्यास येऊ लागला आहे.

भारतातील संदर्भ : भारतात हा प्रश्न लडाखच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. हे शीत वाळवंट हिमालयाच्या पर्जन्यछायेत असल्याने तेथे मोसमी ढग क्वचितच पोहोचतात आणि थेट प्रारणाचे प्रमाण फार मोठे असते. पिरेनीजमध्ये जी परिस्थिती सु. १,६०० मी. उंचीवर शोधली गेली, ती येथे ३,००० ते ४,५०० मी. उंचीच्या विस्तीर्ण सपाट पठारांवर उपलब्ध आहे. लडाखमधील १३ गिगॅवॉट क्षमतेच्या नवीकरणीय ऊर्जा प्रकल्पाची वीज हरयाणापर्यंत आणणाऱ्या ७१३ किमी. लांबीच्या वाहिन्यांस केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. सपाट पठार, निरभ्र आकाश व दूरचे क्षितिज या तिन्ही गोष्टी सूर्यानुवर्तनास अनुकूल आहेत. उलट कडाक्याच्या थंडीत घट्ट होणारे वंगण, धुळीचे वारे, दुरुस्तीसाठी माणसे व सुटे भाग नेण्याची अडचण आणि हिवाळ्यात बंद होणारे घाट या गोष्टी हलणाऱ्या भागांच्या विरोधी जातात. सह्याद्रीची स्थिती याहून निराळी आहे. तेथे जून ते सप्टेंबर या काळात आकाश ढगांनी झाकलेले असते व प्रारण बव्हंशी विखुरलेले असते. त्यामुळे सूर्यानुवर्तनाचा लाभ मुख्यतः उरलेल्या आठ महिन्यांपुरता राहतो.

सोस्यूर यांची पेटी, कुलाब्यातील हाताने ढकललेले आरसे आणि तेमिसचे संगणकनियंत्रित हीलिओस्टॅट यांच्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. पर्वतावर सूर्याला अनुसरावे की नाही, याचा निर्णय केवळ यंत्राच्या अचूकतेवर ठरलेला नाही. थेट प्रारणाचे प्रमाण, क्षितिजाची उंची, हिम व वारा, संग्राहकाची किंमत आणि विजेची गरज कोणत्या ऋतूत आहे, या पाच गोष्टींचा एकत्रित विचार करूनच तो घ्यावा लागतो. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी त्या त्या स्थळी जवळजवळ कायम असतात. शेवटच्या दोन बदलत राहतात. त्यामुळे एके काळी बंद पाडलेली योजना दुसऱ्या काळी व दुसऱ्या पठारावर यशस्वी होऊ शकते. [→ सौर ऊर्जा].